रविवारी दहा ते एक

गेल्या पावसाळ्यात तुळजापुरात मोफत दंततपासणीचं शिबिर झालं. फलकावर वेळ होती रविवारी सकाळी दहा ते दुपारी एक. येऊन-जाऊन तीस-पस्तीस माणसं आली, त्यातली निम्मी शाळेतली पोरं. मी दुकानातून अर्ध्या तासाची सवड काढून समारोपाला पोचले तेव्हा डॉक्टरसाहेब बोलत होते. आपल्या माणसांना दाताची किंमतच नाही, असं त्यांचं म्हणणं. मोबाइलला पैसे असतात, तंबाखूच्या पुडीला असतात, दाताला नसतात. गाल सुजल्याशिवाय कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. सगळ्याच्या मुळाशी जागृतीचा अभाव आहे, आणि तो जात नाही तोवर अशी शिबिरं रिकामीच जाणार.

डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. माझ्या वडिलांची कवळी त्यांनीच बसवली आणि ते आज भाकरी चावून खातात. त्यामुळे रागाने लिहीत नाही. पण डॉक्टरांचं हे निदान चुकलं आहे, आणि निदान चुकलं की औषधही चुकतं. हेच निदान मी वर्तमानपत्रात वाचते, पुढाऱ्यांच्या भाषणात ऐकते, आणि आता तर आमच्या दुकानातल्या बायकाही स्वतःबद्दल तेच बोलायला लागल्या आहेत: आपलंच चुकतं, आपणच आळशी. म्हणून उत्तर द्यायला हवं.

सुरुवात त्या फलकावरच्या वेळेपासूनच करते.

मी महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानात हिशेब लिहिते. हळद-कुंकू, परड्या, कवड्यांच्या माळा, खण-नारळ, बांगड्या असा माल. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार. रविवार सुट्टीचा, म्हणून पुण्या-मुंबईच्या, सोलापूरच्या, कर्नाटकातल्या गाड्यांचा. पौर्णिमेची गोष्टच वेगळी. या दिवशी दुकानातली माणसं जेवायलासुद्धा पाळीपाळीने उठतात. पेढ्याची दुकानं, खानावळी, लॉज, रिक्षा, वाहनतळ, नारळवाले, फुलवाले, सगळ्या कमावत्या तुळजापूरची चूल याच गर्दीवर पेटते. ज्या दिवशी कचेरीतल्या माणसाला सुट्टी असते तो आमच्याकडे कामाचा सगळ्यात जड दिवस. शिबिराचा दिवस ठरवताना ही एवढी साधी चौकशी कुणी केली असती, तर दुकानातल्या पोऱ्यानेसुद्धा सांगितलं असतं की बुधवार ठेवा.

आमच्याकडे एक मावशी आहेत. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. त्या कुंकवाच्या पुड्या बांधतात आणि गर्दीला गल्ल्याशेजारी उभ्या राहून विकतात. शिबिराच्या आदल्या नवरात्रात त्यांची खालची दाढ ठणकायला लागली. दुसऱ्या माळेपासून त्यांनी गालात लवंग धरली. बोललं की लवंग हलते, म्हणून गिऱ्हाइकाशी बोटांनी बोलायच्या. एक बोट म्हणजे दहाची पुडी, दोन म्हणजे वीसची. पाचव्या माळेला गाल डोळ्याच्या खालपर्यंत सुजला, तेव्हा पदर गालावरून ओढून घेतला आणि पुड्या बांधणं चालू ठेवलं. मी म्हटलं, मावशी, दाखवून या, मी बघते गल्ला. त्या म्हणाल्या, "बाई, घट उठू दे. आत्ता कसं जाऊ?"

घट उठले तरी जाता आलं नाही. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी श्रमनिद्रेला जाते. युद्धाने थकलेल्या देवीला पौर्णिमेपर्यंत विश्रांती द्यायची, अशी इथली रीत. किती शहाणी रीत आहे ती! पण नेमक्या त्याच दिवसांत कोजागरीच्या पौर्णिमेसाठी सोलापूरकडून, कर्नाटकातून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ते भरतात. मावशींना श्रमनिद्रा नव्हती. त्या पौर्णिमेनंतर गेल्या. दाढ काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आला असता तर वाचली असती.

दोन महिने आधी मावशींना काहीच होत नव्हतं. ही या रोगाचीच खोड आहे, आणि ती नीट सांगितली जात नाही. दाताच्या वरच्या कठीण कवचाला संवेदना नाही. कीड त्या कवचात असते तेव्हा माणसाला पत्ताही लागत नाही. आतल्या थरात उतरली की गार पाणी, गोड खाणं झोंबतं, ते थांबतं, माणूस विसरतो. नसेपर्यंत पोचली की मग रात्रीची झोप उडते. पहिल्या दोन टप्प्यांत सिमेंट भरून एका बैठकीत काम होतं. तिसऱ्या टप्प्यात रूट कॅनल, बऱ्याचदा दोन-तीन खेपा, वर कॅप. नाही तर दाढ काढणं. म्हणजे उपचार जेव्हा स्वस्त आणि छोटा असतो तेव्हा शरीर गप्प असतं, आणि शरीर बोलायला लागतं तेव्हा उपचार हाताबाहेर गेलेला असतो. अशा रोगात "दुखल्याशिवाय येत नाहीत" हा ठपका माणसावर ठेवणं अन्याय आहे. न दुखता यायचं तर त्याला कुणीतरी बोलवावं लागतं आणि येणं परवडावं लागतं.

परवडण्याचा हिशेब मी रोज लिहिते, म्हणून सांगते. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ सालासाठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. हीच मोजपट्टी घेऊ. रूट कॅनलच्या तीन खेपा म्हणजे तीन रोज बुडाले, ९३६ रुपये गेले, आणि अजून डॉक्टरांच्या हातात एक रुपया पडलेला नाही. त्यात सोलापूरला जायचं म्हटलं तर पंचेचाळीस किलोमीटर, एसटीचं तिकीट, सोबतीला एखादं माणूस, म्हणजे त्याचाही रोज. मग रूट कॅनल आणि कॅपचे काही हजार. समोर दुसरा पर्याय आहे: दाढ काढा, एक खेप, विषय संपला. जी बाई हा दुसरा पर्याय निवडते तिला दाताची किंमत कळत नाही असं म्हणता येईल का? तिला ती पैशापैशाने कळते. दात कोरून पोट भरत नाही हे जिला ठाऊक आहे, ती दात राखायला पोट मारणार नाही.

सरकारी दवाखान्यात सगळं फुकट आहे, असं उत्तर येतं. खरं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे लागत नाहीत, आणि हा निर्णय फार चांगला झाला. पण फुकट झाला तो केसपेपर. दिवस फुकट झालेला नाही. सकाळची ओपीडी दुपारपर्यंत आटोपते, आणि नेमका तोच वेळ दुकान उघडण्याचा, शेतावर जाण्याचा, पोळपाट-लाटणं हातात घेण्याचा. रांगेत नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस गेला की उरलेला अर्धाही गेलाच, कारण अर्ध्या दिवसाची मजुरी देणारा मालक मी तरी फारसा पाहिला नाही.

रजेचं म्हणाल तर महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. त्यात कामगाराला वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. पण तो कायदा आला तोच दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. महाद्वाराच्या रस्त्यावर मोजून बघा, किती दुकानांत दहा माणसं आहेत. तीन, चार, फार तर पाच. कामगार विमाही अशा दुकानापर्यंत पोचत नाही. आयुष्मान भारतचं कार्ड मावशींकडे आहे, पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं. त्या योजनेच्या नियमांत वगळलेल्या उपचारांची यादी आहे, आणि तीत कीड भरणं आणि रूट कॅनल नावानिशी आहेत. दाखल व्हावं लागेल असा आजार किंवा दुखापत असेल तरच सूट. जबडा मोडला तर पाच लाखांचं कवच, दाढ वाचवायची तर काही नाही.

आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची गत याहून कठीण. मुकादमाची उचल घेतलेली, दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं, पाच-सहा महिने फडावर. तिथे एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत मांडले जातात. दाताचं जाऊ द्या, बाळंतपणाला खाडा मांडलेला ऐकलाय.

आता "जागृती" या शब्दाकडे येते. आपल्या लोकांना तपासणीची सवयच नाही, दुखल्याशिवाय ते येतच नाहीत, या म्हणण्याला याच जिल्ह्याने एकदा उत्तर दिलेलं आहे. ते जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे आणि आम्हालाच माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात (तेव्हाचं नाव तेच) गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. शेजारच्या बार्शीतलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. बार्शीचं हे रुग्णालय १९८२ चं, आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये त्यांनीच सुरू केली. अभ्यासात गावांचे ५२ गट होते आणि तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. म्हणजे खुरपणी करणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, बऱ्याचशा अक्षरओळख नसलेल्या. एकीलाही काही दुखत नव्हतं. आणि तपासणी कसली? जी नवऱ्याजवळ बोलायचीही चोरी, अशी.

किती आल्या असतील? ज्या गटाला एचपीव्ही या विषाणूची चाचणी देऊ केली त्यात ३४,१२६ बायका होत्या, त्यांतल्या २७,१९२ जणींनी तपासणी करून घेतली. पाचातल्या जवळपास चौघी. पुढे आठ वर्षं पाठपुरावा झाला. त्या एका तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हा निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला आणि पुढे जगभर या चाचणीच्या बाजूने पुरावा म्हणून मांडला गेला. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांना त्या काळात तपासणी मिळाली नाही, यावर नंतर टीका झाली आणि ती टीका मला रास्त वाटते. पण माझा मुद्दा येण्याचा आहे. त्या का आल्या? कार्यकर्त्या घरोघर गेल्या, घरातल्या बायकांची नावं लिहून घेतली, समजावून सांगितलं, तपासणी गावाजवळ नेली, पैसे घेतले नाहीत, आणि काही सापडलं तर पुढचा उपचारही केला. "लोकांत जागृती नाही" असं म्हणून कुणी थांबलं नाही. याच मातीतल्या, याच बायका. मग जी बाई तेवढं करायला तयार झाली ती तोंड उघडून दाखवायला तयार होणार नाही, हे मी का मानावं?

तंबाखूचा आरोप मात्र खरा आहे, आणि तो मी झटकणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरताना आढळले. बिडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखू तोंडातच जातो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरालाही विचारावं लागत नाही. तोंडाचा कर्करोग इथल्या घराघरांत शिरलाय. पण "तंबाखूला पैसे आहेत" हे वाक्य जिथे थांबतं तिथून पुढे बघा. माझी आजी तव्यावर मशेरी भाजायची, तो वास मला अजून आठवतो. ती का लावतेस विचारलं तर म्हणायची, दाढ धरते गं, मशेरी लावली की सोसतं. मावशीही लवंगेचं काम होईना तेव्हा चिमूटभर मशेरी दाढेत दाबायच्या. पाच-दहा रुपयांत दिवस निभावून नेणारी, कामावरून उठायला न लावणारी दुसरी कोणती गोष्ट या बाजारात त्यांना कुणी देऊ केली? तंबाखू ठणका दाबतो आणि खाली हिरडी खातो. ज्या दुखण्यावर उपचार मिळत नाही तेच दुखणं माणसाला तंबाखूकडे ढकलतं, आणि मग तंबाखू खातो म्हणून उपचाराला नालायक ठरवलं जातं. हे चक्र तोडायचं तर भाषणाआधी दाढ बघावी लागेल.

यावर एक बिनतोड वाटणारा प्रश्न मला माझ्या भावानेच विचारला. तो पगारदार आहे, रजा आहे, पैसे आहेत. "मी तरी कुठे जातो गं? आमच्या कचेरीत कुणीच जात नाही. मग तुझ्या खाड्याचं काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. पैसा आणि वेळ असूनही माणसं जात नाहीत, हे मला मान्यच करावं लागेल.

पण भावाला मी विचारलं, का जात नाहीस? तो म्हणाला, आत गेलं की बिल किती होईल सांगता येत नाही. एक दाढ दाखवायला जावं तर चार निघतात. गाडी दुरुस्तीला टाकताना आपण आधी अंदाज विचारतो, दातांच्या खुर्चीवर तोंड उघडं असताना कसा विचारणार? शिवाय लहानपणी त्याची एक दाढ भूल नीट न चढता काढली होती, ते तो विसरलेला नाही. वरची दाढ काढली की नजर जाते, दात साफ केले की हलायला लागतात, असल्या समजुतीही त्याने ऐकलेल्या आहेत. नजरेचं खोटं आहे. दात हलण्याचं असं, की साठलेल्या दगडाने हिरडी आधीच सोडवलेली असते. दगड काढला की ती मोकळी जागा जाणवते. दोन मिनिटांत समजावता येतं. मलाही ते एका डॉक्टरांनीच समजावलं, त्यांना दोन मिनिटं होती म्हणून.

आणि "दर सहा महिन्यांनी या" हा जो नियम भिंतीवर टांगलेला असतो, तोही सगळ्यांना एकच लागू नाही. इंग्लंडच्या आरोग्यसेवेसाठी २००४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं निघाली त्यांत प्रौढांसाठी तीन महिन्यांपासून चोवीस महिन्यांपर्यंत मुदत ठेवली आहे, ज्याचं तोंड जसं तसं. माझ्या भावासारख्याला दोन वर्षांतून एकदा पुरेल, तंबाखू खाणाऱ्याला तीन महिन्यांनी बोलवावं लागेल. न पाळता येणारा नियम सगळ्यांना सांगितला की तो कुणीच पाळत नाही, आणि अपराधीपणामुळे माणूस आणखी लांब राहतो.

जर्मनीत विम्यात एक छोटी वही असते. वर्षातून एकदा दात दाखवले की तीत शिक्का. सलग पाच वर्षांचे शिक्के असले की पुढे दात बसवताना विम्याचा नेहमीचा वाटा साठ टक्क्यांवरून सत्तरवर जातो, दहा वर्षांचे असले की पंचाहत्तरवर. तिथलीही माणसं माणसंच आहेत. त्यांना सवय लागावी अशी व्यवस्था कुणीतरी बसून आखली. आमच्या बचत गटातली बाई दर महिन्याला न चुकता हप्ता भरते, वही जपते, शिक्का बघून घेते. तिला वहीचं महत्त्व शिकवावं लागणार नाही.

इथे करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला राजधानीची वाट बघायला नको. आशाताई आजही तीस वर्षांवरच्या माणसांचे फॉर्म भरतात, त्यात तोंडातल्या चट्ट्याचा, जखमेचा प्रश्न आहेच. तिथेच गार पाणी झोंबतं का, एवढा प्रश्न वाढवा. टांझानियात १९८० च्या दशकात एक पद्धत निघाली: वीज नाही, मशीन नाही, हाताच्या हत्यारांनी मऊ कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. एक बैठक, साधी खुर्ची. ते सिमेंट जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. हे काम बाजारातल्या एखाद्या गाळ्यात होऊ शकतं. दवाखान्याच्या दाराशी दरपत्रक लावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी खुर्ची चालू ठेवा.

डॉक्टरसाहेब, तुमचं पुढचं शिबिर नवरात्राच्या आधी घ्या, घट बसायच्या निदान महिनाभर अगोदर. बुधवार धरा, पौर्णिमा नसलेला. वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. जागा बसस्थानकाच्या बाजूला मिळाली तर खेड्यातल्यांची शेवटची गाडी चुकणार नाही. नुसतं बघून चिठ्ठी देऊ नका, जी दाढ त्याच बैठकीत भरता येईल ती भरा. दुकानदारांशी मी बोलते. आतापर्यंत बोलले त्या सहांपैकी चौघांनी माणसं आळीपाळीने सोडायला होकार दिला आहे. यादीही करायला घेतली आहे. काल रात्रीपर्यंत त्रेचाळीस नावं झाली, आणि पहिलं नाव मावशींनी स्वतः सांगून लिहायला लावलं. वरची डावी दाढ आहे, गार पाणी झोंबतं, अजून दुखत नाही.